गाडीचीही नालेसफाई हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना सरत आला की नालेसफाईवरच्या पत्रांचा आपल्याकडे पाऊस पडतो. हे पत्रही नालेसफाईचंच आहे, फक्त नाले चारचाकीतले आहेत. प्रत्येक गाडीला पाणी वाहून जाण्यासाठी भोकं, नळ्या आणि पन्हळी ठेवलेल्या असतात: वायपरखाली, दारांच्या तळाशी, एसीच्या पेटीला, डिकीच्या कडेला. दहा-पंधरा वर्षांत त्या पानांनी, मातीनं आणि मेकॅनिकच्या घाईनं बुजतात. पावसाळ्याआधी गाडीची काय काय तपासणी करावी याच्या ज्या याद्या फिरतात, त्यांत टायर, ब्रेक, वायपर, बॅटरी सगळं येतं. ही भोकं येत नाहीत. मग जुलैत काचा आतून धुरकटतात आणि मालक काचेवर मारायचा स्प्रे विकत आणतो. पाणी मुरलंय कार्पेटखाली आणि औषध चाललंय काचेला.

आधी थोडा हिशेब. छोट्या हॅचबॅकमध्ये साधारण ३ घनमीटर हवा मावते. जुलैत पुण्यात बाहेर २४ अंश आणि ९० टक्के आर्द्रता ही रोजचीच गोष्ट. २४ अंशांची हवा घनमीटरमागे जास्तीत जास्त २२ ग्रॅमच्या आसपास वाफ धरते, म्हणजे आख्ख्या गाडीत ६५ ग्रॅम. त्यातली ९० टक्के जागा माणसं बसायच्या आधीच भरलेली असते. उरते सहा-सात ग्रॅमची. नुसता बसलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला ४०-५० ग्रॅम वाफ सोडतो. चौघांची मिळून मिनिटाला तीन ग्रॅम होते. काचा बंद, एसी बंद आणि तीच हवा आत फिरत असेल, तर दोन-तीन मिनिटांत हवा तुडुंब भरते. समोरची काच पावसानं बाहेरून गार झालेली असते, म्हणून पहिलं दव तिथंच बसतं. ही झाली कोरड्या गाडीची गोष्ट. त्यात पायाशी ओली छत्री, मागच्या सीटवर निथळणारं जर्किन आणि कार्पेटखाली दोन-तीन लिटर मुरलेलं पाणी असेल, तर काच पुसणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखंच.

धुकं आत आहे की बाहेर हे पहिल्यांदा बघावं, कारण दोन्हींचे उपाय उलटे आहेत. आतून बोट फिरवा. रेघ उमटली तर आत. नाही उमटली तर वायपर एकदा फिरवून बघा. एसी कडक थंड ठेवून झोत काचेवर सोडला की काच बाहेरच्या हवेच्या दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते त्याच्या, खाली जाते. पुण्याच्या पावसाळी हवेत हा बिंदू २२ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे फार गार व्हावं लागतच नाही. मग दव बाहेरून धरतं. खंडाळ्याच्या किंवा ताम्हिणीच्या घाटात रात्री हे हटकून होतं आणि चालक बिचारा आतून फडकं मारत राहतो. अशा वेळी वायपर लावावा, झोत काचेवरून काढून छातीकडे वळवावा आणि तापमानाचा खटका दोन घरं उबेकडे न्यावा. एवढ्यानं भागतं.

धुकं आत असेल तर मात्र एसी लागतोच, आणि इथं जुन्या गाड्यांच्या मालकांचा हात आखडतो. एसी थंडीसाठी आणि पावसाळ्यात थंडी कशाला हवी, असा विचार असतो. काचेच्या दृष्टीनं एसी हे हवा पिळून काढायचं यंत्र आहे. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलवरून जाताना हवा ८-१० अंशांपर्यंत उतरते, तिच्यातली निम्म्याहून जास्त वाफ कॉइलवर पाणी होऊन ठिबकते आणि गाडीखालच्या नळीतून रस्त्यावर पडते. ब्लोअर तासाला २०० घनमीटर हवा ढकलतो असं धरलं, तर जुलैच्या हवेतून तासाला दोन लिटरच्या आसपास पाणी निघतं. चौघांचे श्वास त्यापुढे किरकोळ आहेत. म्हणून पावसात एसी चालू, बाहेरची हवा चालू, झोत समोरच्या काचेवर, ब्लोअर तिसऱ्या घरात आणि तापमानाचा खटका मध्यावर किंवा उबेच्या बाजूला ठेवावा. हवा आधी गार होऊन कोरडी होते, मग हीटरवरून जाऊन कोमट होते. कोरडी-कोमट हवा काचेवरचं पाणी एक-दोन मिनिटांत उचलते. एसी आणि हीटर एकदम लावले तर काही बिघडत नाही, गाडी त्यासाठीच केलेली असते.

गोल बाणाचं चिन्ह असलेलं बटण, म्हणजे आतलीच हवा फिरवायचं, हे सिग्नलवरच्या धुरासाठी एकदा दाबलं जातं आणि मग वर्षानुवर्षं दाबलेलंच राहतं. एसी चालू आहे तोवर त्यावरही भागतं. घात होतो तो एसी बंद केल्यावर. कॉइल चिंब भिजलेली असते, तिच्यावरचं पाणी परत हवेत चढतं आणि काच एका दमात पांढरी होते. त्यामुळं एसी बंद करण्याआधी बाहेरची हवा चालू करावी.

एसीच नसलेल्या किंवा बंद पडलेल्या गाडीत हीटर आणि बाहेरची हवा हा एकच मार्ग. २४ अंशांची ९५ टक्के आर्द्रतेची हवा ३५ अंशांपर्यंत तापवली, की वाफ तेवढीच राहून आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास येते. अशी हवा काचेवरचं पाणी उचलू शकते. आतल्या माणसांना घाम फुटेल, म्हणून मागची एक काच दोन बोटं उघडी ठेवावी. मात्र हीटर आहे का, हे आधी बघायला हवं. हीटरची कॉइल गळू लागली की ती बदलण्यासाठी आख्खा डॅशबोर्ड उतरवण्यापेक्षा बोनेटमध्ये दोन पाइप एकमेकांना जोडून ती वगळून टाकायची, ही जुनी पळवाट आहे. गाडी सेकंडहँड असेल तर खटका लालपर्यंत नेऊन दहा मिनिटांत गरम हवा येते का ते तपासा.

खटका सरकतो आणि आत काहीच घडत नाही, हेही जुन्या गाडीत नेहमीचं. सरकत्या खटक्यांच्या गाड्यांत बारीक तारेची केबल झडप ओढते. क्लिप तुटली की केबल नुसती हलते. ब्लोअर चौथ्या घरात ठेवून आतली आणि बाहेरची हवा आलटून पालटून लावा. आवाज बदलला पाहिजे, आतली हवा फिरवताना तो मोठा होतो. बदलला नाही तर ग्लोव्ह बॉक्स उतरवून त्यामागची केबल किंवा छोटी मोटर बघावी. बहुतेकदा क्लिपचाच प्रश्न असतो. तिथंच केबिन फिल्टर असतो, म्हणजे ज्या मॉडेलला दिलाय त्याला. तो काळा-ओला झाला असेल तर झोत काचेच्या वरच्या कडेपर्यंत पोचतच नाही. वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्याच्या तोंडावर, तो बदलावा.

हवा आत यायची तर ती बाहेर जायलाही वाट हवी, आणि ही वाट फार थोड्यांना माहीत असते. मागच्या बंपरआड रबरी पापण्यांची जाळी असते, आतली हवा तिथून बाहेर पडते. डिकीत पोती-गाद्या कोंबून किंवा अपघातानंतर डेंटिंग करताना ती बुजते. तपासणी सोपी आहे: सगळ्या काचा बंद करून ब्लोअर पूर्ण लावा, मग एक काच थोडी उघडा. झोत एकदम वाढला तर मागची वाट बंद आहे.

आता मुख्य मुद्दा, पाणी शिरतं कुठून. चारही पायांखालचं कार्पेट तळव्यानं जोरात दाबून बघावं, आणि डिकीत स्टेपनी काढून तिचा खड्डा. इथं एक अडथळा आहे. नवी गाडी घेताना हौसेनं बसवलेलं रेक्झिनचं फ्लोअर लॅमिनेशन वरून खडखडीत कोरडं दिसतं आणि त्याच्याखाली नमदा, म्हणजे कार्पेटच्या तळाचा जाड थर, ओलाकंच असतो. वरून पाणी जात नाही तसं खालूनही वर येत नाही. ते कडेकडेनं वाफ होऊन महिनोन्‌महिने काचेवर जातं आणि खाली पत्रा खातं. लॅमिनेशन कडेनं उचलून, हात आत घालूनच बघावं लागतं. हे बसवून देणाऱ्यांनी गाडी स्वच्छ राहते म्हणून विकलं, ते खरंही आहे, पण पुण्याच्या पावसात जुन्या गाडीला ते मारक आहे.

ओल कुठल्या कोपऱ्यात आहे त्यावरून निम्मं निदान होतं.

डावीकडे पुढं ओल असेल आणि ती एसी चालवल्यावर, पाऊस नसतानाही येत असेल, तर कूलिंग कॉइलची नळी तुंबली आहे. एसी वीस मिनिटं चालवून गाडीखाली बघा. दमट दिवशी डबकं साचायला हवं. थेंबही नसेल आणि उजवीकडे वळताना डॅशबोर्डमधून पाणी खळखळत असेल किंवा डावीकडे बसलेल्याच्या पायावर सांडत असेल, तर शंका नको. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून बाहेर आलेली अंगठ्याएवढी रबरी कोपरनळी शोधावी, तिचं तोंड पिळावं आणि गवत कापायच्या यंत्राची मऊ नायलॉन दोरी चार-पाच इंचच आत फिरवावी. लोखंडी तार अजिबात घालू नये. कॉइल ॲल्युमिनियमची असते, टोचली की गॅस गेला आणि खर्च शंभर पटीवर गेला. कोपरनळीच गळून पडली असेल तर पाणी पत्र्याला चिकटून मागं वळतं आणि कार्पेटखाली शिरतं. काही रुपयांचा रबरी तुकडा पण नुकसान मोठं.

तिथलीच ओल चिकट असेल, गोडसर वास येत असेल आणि कूलंटची बाटली दर महिन्याला थोडी उतरत असेल, तर हीटरची कॉइल गळते आहे. काचेवरचा थर टिश्यूनं पुसा. पाणी असेल तर टिश्यू वाळून स्वच्छ राहतो, कूलंट असेल तर तेलकट हिरवा किंवा लाल डाग उरतो. असं धुकं कोरड्या फडक्यानं जात नाही, फक्त पसरतं. इथं घरगुती उपाय नाही. कूलंट विषारी असतं, कुत्र्या-मांजरांना तर फारच. त्यामुळं पार्किंगमध्ये ते सांडू देऊ नये.

पाऊस पडल्यावरच पुढची ओल येत असेल तर वायपरखालची पन्हळ बघा. बोनेट उघडून काचेच्या पायथ्याची प्लॅस्टिकची जाळी उचलली की खाली पत्र्याचा चर दिसतो. ब्लोअर इथूनच हवा घेतो, आणि चराच्या दोन्ही टोकांना पाणी जायची भोकं असतात. आपल्या शहरात गाड्या गुलमोहर, सोनमोहर आणि पर्जन्यवृक्षांच्या खाली उभ्या असतात. वडा-पिंपळाची मोठी पानं जाळीवरच अडकतात, पण या झाडांची नखाएवढी पर्णिका जाळीतून आरपार जाते, कुजते आणि भोकात गाळ होऊन बसते. मग चर भरतो आणि पाणी ब्लोअरच्या तोंडातून थेट केबिनमध्ये उतरतं. ब्लोअरची मोटर जाते ती वेगळीच. गाळ हातानं काढावा, बारीक ब्रश फिरवावा आणि दोन्ही टोकांना एकेक लिटर पाणी ओतून बघावं. काही सेकंदांत ते पुढच्या चाकाच्या मागं जमिनीवर पडलं पाहिजे. झाडाखालच्या गाडीला हे जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी करावं लागतं. पाच मिनिटांचं काम.

दारांबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण जुन्या गाडीतल्या ओलीचं सर्वांत दुर्लक्षित कारण तिथं आहे आणि ते बहुधा माणसानंच निर्माण केलेलं असतं. काचेवरून ओघळणारं पाणी काचेच्या बाहेरच्या पट्टीतून दाराच्या पोटात जातंच. पट्टी नवी असली तरी थोडं जातं. रचनाच तशी आहे. पोटात पडलेलं पाणी तळाच्या शिवणीतल्या दोन-तीन भोकांतून बाहेर पडतं. मधल्या वाटेत काच वर-खाली करणाऱ्या यंत्रावर, स्पीकरवर, तारांवर आपटून थेंब केबिनच्या बाजूला उडतात, आणि ते अडवण्यासाठी डोअर पॅडच्या, म्हणजे दाराच्या आतल्या आवरणाच्या, मागं प्लॅस्टिकचा एक मोठा कागद काळ्या चिकट दोरीनं डकवलेला असतो. त्याची खालची कड दाराच्या पत्र्यातल्या फटीत खोचलेली असते, म्हणजे कागदावरून ओघळणारं पाणी परत दाराच्या पोटात जावं.

पॉवर विंडोचं काम निघतं, लॉक अडकतं, नवे स्पीकर बसवायचे असतात. डोअर पॅड उतरतं, हा कागद टराटरा फाडला जातो आणि परत लावलाच तर सेलोटेपच्या चार तुकड्यांनी. पुष्कळदा तो गुंडाळून फेकलाच जातो, कारण गाडी त्याच्याशिवायही चालते. पहिल्या जोरदार पावसात पाणी पॅडच्या मागून उंबऱ्यावर, तिथून कार्पेटखाली जातं. खुणा ठरलेल्या आहेत: डोअर पॅडचा खालचा पुठ्ठा फुगलेला, उंबऱ्यालगतचं कार्पेट सर्वांत ओलं, पॅडच्या क्लिपांवर गंज. दार उघड-बंद करताना पोटात पाणी खळखळत असेल तर तळाची भोकंही बुजली आहेत. ती लाकडी टूथपिकनं मोकळी करावीत. स्क्रूड्रायव्हरनं रंग खरवडला की तिथूनच गंज धरतो.

दुरुस्ती अवघड नाही. बांधकामावर ओलाव्यासाठी अंथरतात तो १५०-२०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागद दर दाराला दीड मीटर पुरतो. आणि चिकटवायला ६ ते ८ मिलिमीटर जाडीची ब्यूटाइलची पट्टी, म्हणजे काळ्या मेणासारखी लागणारी, कधीच न वाळणारी दोरी. डोअर पॅडच्या आठ-दहा क्लिपा नाना पेठेतून आधीच आणून ठेवाव्यात, उतरवताना दोन-तीन तुटतातच. जुना कागद शिल्लक असेल तर त्यावरून नवा बेतावा. दाराचा पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून पूर्ण कोरडा करावा. दमट पत्र्यावर काहीच धरत नाही, म्हणून हे काम मेमध्ये करावं, जुलैत नाही. पट्टी अखंड फिरवावी, सांधा वरच्या बाजूला ठेवावा. तारा आणि हँडलसाठी भोकं न पाडता उभी चीर द्यावी आणि तिच्याभोवती पट्टीचा छोटा तुकडा दाबावा. खालची कड फटीत आत खोचायची, ही एक गोष्ट चुकली तर बाकी सगळं वाया. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथं वापरू नये. त्यातलं ॲसेटिक ॲसिड पत्रा गंजवतं. एम-सीलही नको, दगडासारखं घट्ट होतं आणि पुढचा मेकॅनिक ते छिन्नीनं काढेल.

दारांची रबरी बीडिंग मात्र लोक उगाचच आधी बदलतात. दहा रुपयांची नोट दारात धरून दार बंद करा आणि ओढा; अडखळत यावी. वीतभर अंतरानं सगळ्या कडेनं असं बघा. एकाच कोपऱ्यात सैल असेल तर बीडिंगचा दोष कमी, दार लटकल्याचा जास्त. बिजागरी आणि लॉकचा हुक जुळवून घ्यावा. बीडिंग साबणाच्या पाण्यानं धुऊन, वाळवून तिच्यावर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा. रॉकेल किंवा इंजिनचं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि दोन वर्षांचं आयुष्य दोन महिन्यांवर येतं.

समोरच्या काचेची गळती ओळखायची खूण म्हणजे छताच्या अस्तरावर किंवा पुढच्या खांबाच्या प्लॅस्टिकआड ओघळ. जुन्या मारुती ८००, ओम्नी, पद्मिनी, ॲम्बेसिडर यांची काच रबरी बीडिंगमध्ये बसवलेली असते. नंतरच्या बहुतेक गाड्यांची चिकटवलेली. दगड लागून काच बदललेली असेल आणि तेव्हा चौकटीतला गंज न खरवडता चिकटवली असेल, तर डिंक गंजाला धरतो आणि गंज पत्र्याला सोडतो. बाहेरून सिलिकॉनची रेघ ओढणं म्हणजे एका पावसाळ्याची सोय. काच काढून, गंज घासून, प्रायमर लावून पुन्हा बसवणं हाच इलाज.

डिकीतल्या पाण्याचे संशयित थोडे असतात: मागच्या दिव्यांची गॅस्केट, डिकीची बीडिंग, मागच्या वायपरचं किंवा स्पॉयलरचं भोक, छतावरच्या अँटेनाची बैठक. स्टेपनीच्या खड्ड्यात तळाला रबरी बूच असतं. पाणी काढायला ते उघडावं, पण मग परत बसवावं. नाहीतर मागचं चाक उडवेल तो चिखल वर येतो.

तरीही सापडलं नाही तर पाण्याची परीक्षा घ्यायची. आत एक जण टॉर्च घेऊन, बाहेर एक जण साधा नळीचा पाइप घेऊन. सर्व्हिस सेंटरमधली जोराची गन नको, ती चांगल्या बीडिंगमधूनही पाणी आत घालते. खालून वर जायचं: आधी उंबरा, मग दाराची पट्टी, मग काचेचा पायथा, शेवटी छत. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन मिनिटं पाणी सोडायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि काही कळत नाही. आतल्या संशयास्पद कडांवर खडूची पूड भुरभुरवावी. पाणी शिरलं की तिच्यात वाट उमटते. पाणीकपातीचे दिवस असतील तर बादली आणि तांब्या पुरतो, सोसायटीच्या सेक्रेटरींशी वादही होत नाही.

भोक बंद झाल्यावरच वाळवणं, त्याआधी नाही. पुढच्या सीट प्रत्येकी चार बोल्टवर असतात, १२ किंवा १४ नंबरचा पाना लागतो. सीटखाली पिवळा कनेक्टर असेल तर तो एअरबॅगचा किंवा पट्ट्याचा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून दहा मिनिटं थांबल्याशिवाय त्याला हात लावू नये, आणि कनेक्टर परत जोडण्याआधी इग्निशन लावू नये. कार्पेट आणि नमदा बाहेर काढता आला तर उत्तम. नाही आला तर उचलून खाली विटा किंवा लाकडी ठोकळे सरकवावेत आणि टेबलफॅनचा झोत तीन-चार दिवस सोडावा. आधीचं पाणी शोषायला जुनी वर्तमानपत्रं उत्तम, आपल्या दैनिकाचीही. दर दोन तासांनी बदलायची. काही मॉडेलमध्ये इंजिनचा संगणक किंवा तारांचे सांधे डावीकडे बसणाऱ्याच्या पायाखालीच असतात, ते हिरवे पडले आहेत का बघावं. उन्हात वाळवताना एक चूक होते: काचा बंद ठेवून गाडी दिवसभर तापवली जाते. पाण्याची वाफ होते खरी, पण बाहेर न गेल्यानं रात्री तीच परत कार्पेटमध्ये उतरते. भर दुपारी गाडी चांगली तापली की चारही दारं अर्धा तास सताड उघडावीत आणि संध्याकाळी दमट हवा सुटायच्या आत बंद करावीत. लॅमिनेशन परत बसवायचं नाही.

सिलिका जेलच्या पिशव्या, मिठाच्या वाट्या यांबद्दल थोडक्यात. एक किलो सिलिका जेल दमट हवेत पाव किलोच्या आसपास पाणी धरतं, म्हणजे चार माणसांच्या दीड तासाच्या श्वासाइतकं. वाळवलेल्या, बंद उभ्या गाडीत त्याचा उपयोग आहे. गळक्या गाडीत नाही. निळ्या गोळ्यांचा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि ते विषारी आहे, म्हणून नारंगी घ्याव्यात. बाजारातल्या पाणी शोषणाऱ्या डब्यांत बहुधा कॅल्शियम क्लोराइड असतं. त्याचं पाणी वळणावर सांडलं तर पत्रा भराभर खातं. मिठाचंही तेच. ७५ टक्क्यांपुढच्या आर्द्रतेत मीठ विरघळतं आणि गाडीत खारं पाणी तयार होतं. समुद्र नाही म्हणून पुण्यात गाड्या कमी गंजतात, तो फायदा वाटीनं घालवू नये.

काच स्वच्छ असेल तर धुकं उशिरा धरतं हे मात्र खरं. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकमधून उन्हात उडणारी द्रव्यं, सिगारेटचा धूर आणि चकाकीसाठी मारलेलं पॉलिश यांचा तेलकट थर आतून बसतो आणि पाण्याचे बारीक थेंब त्यावर चिकटतात. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकून पुसावं, मग साध्या पाण्यानं, मग अर्धं पाणी अर्धं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून मायक्रोफायबरनं कोरडं करावं. तळहातानं पुसू नये, हाताचं तेल तिथंच राहतं. काचेवर बटाटा किंवा तंबाखू चोळायचा जुना तोडगा बाहेरच्या पावसासाठी होता, आतल्या धुक्यासाठी नव्हे. पाणी झटकणारे स्प्रेही बाहेरचेच. आतून थेंब पसरवून पातळ करणारा थर लागतो आणि तो काही दिवसच टिकतो. रात्री समोरच्या दिव्यांनी तो चमकत असेल तर पुसून टाकलेला बरा.

मागच्या काचेवरच्या, तापून धुकं घालवणाऱ्या तपकिरी रेघा (डिफॉगर) चालत नसतील, तर त्यांचा इतिहास बहुधा २०१२ पर्यंत मागं जातो. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयानं काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली आणि घाईघाईनं ब्लेडनं फिल्म खरवडताना कितीतरी गाड्यांच्या रेघा तुटल्या. काचेवर फुंकर मारून डिफॉगर लावा. जी रेघ धुकं घालवत नाही ती तुटलेली. मल्टिमीटर रेघेवरून सरकवत नेला की व्होल्ट हळूहळू उतरतात आणि धड रेघेच्या मध्यावर सहाच्या आसपास दिसतात; जिथं आकडा एकदम उडी मारतो तिथं तुटलं आहे. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून मधे चांदीच्या वाहक रंगाचा हात द्यावा, एक दिवस वाळू द्यावं. मल्टिमीटर आणि असा रंग यांची चौकशी इलेक्ट्रॉनिक सामानाच्या तपकीर गल्लीत करावी. सगळ्याच रेघा एकदम गेल्या असतील तर आधी फ्यूज बघा.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी एवढं करावं: सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघावा. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याकाठच्या वस्त्यांत आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पुराचं पाणी शिरलं होतं, आणि पुरात सापडलेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात येतात. गाडी कितीही चकाचक केली तरी गुंडाळलेल्या पट्ट्याच्या आतल्या टोकाला पाण्याची रेघ राहते, आणि सीटच्या रुळांत गाळ.

आपल्या दैनिकात यंदा पावसाळी तपासणीची यादी येईल तेव्हा तिच्यात वायपरखालची पन्हळ, एसीची नळी, दारांच्या तळाची भोकं आणि स्टेपनीचा खड्डा यांची भर घालावी, ही विनंती. आणि ज्यांच्या गाडीचं डोअर पॅड या महिन्यात कुठल्याही कामासाठी उतरणार आहे, त्यांनी गॅरेजच्या जॉबकार्डवर 'आतलं प्लॅस्टिक परत लावणे' असं आधीच लिहून घ्यावं आणि पॅड बसवण्यापूर्वी स्वतः उभं राहून बघावं.

कळावे,
एक वाचक,
पुणे